तिसरा रकाना

रात्री अडीचला प्रयोगशाळेतून फोन:
बाटली वाजली.
काचेखाली जांभळे मणी, माळेत ओवल्यागत.
स्ट्रेप्टोकॉकस, डॉक्टर. रक्तातच.

भरमाण्णा कडोलकर, अठ्ठ्याहत्तर.
टाचेला भेग, भेगेत रताळ्याच्या वाफ्यातली माती,
चार दिवस हळद दाबली होती म्हणे.

मी कागद काढते.
श्वास मिनिटाला अठ्ठावीस. एक गुण.
वरचा दाब नव्वद. दुसरा.
तिसरा रकाना भानाचा.

"अज्जा, हे गाव कुठलं?"
"बेळगाव की."
"राज्य?"
एकशे तीन तापात डोळे लख्ख उघडले.
"महाराष्ट्र. लिव्ह."

शिवलीला सिस्टर सलाईन जोडता जोडता हसली,
कानडीत काहीतरी पुटपुटली.
माझं पेन तिथंच.

भ्रम म्हणावा तर गुण तीन,
आणि तिनापुढं पुस्तकात जो आकडा आहे
तो मी त्यांच्या सुनेला सांगणार नाही.
भान म्हणावं तर
दोनच.

"बरं, आज वार कुठला?"
ते नुसतेच बघत राहिले.
बोटं मात्र चादरीवर चालली होती,
चिमटीनं वेल उचलून
सरीत लावत, पुन्हा उचलत.

तीन लिहिले.
सिस्टर हसायची थांबली होती.
आयसीयूत कॉट आहे का विचारायला
माझ्या आधी तिनंच फोन उचलला.