इंगवल्यांच्या महिपतीचं माप

बाबांच्या मापांच्या वहीत
एकोणचाळिसाव्या पानावर
दोन पाय आहेत.
डावा अंगठ्यापाशी वाकडा.

पाय वाकडा नव्हता.
बाबा शिसपेन फिरवत होते, त्याला गुदगुल्या झाल्या.
मी कंदील धरून उभी, तोही हलला.
"हसू नगंस लेका, चप्पल हसंल," बाबा म्हणाले.

त्याला कापशी हवी होती, करकर वाजणारी.
"गल्लीत शिरलो की आईला कळाय पायजे."
तळात विंचू किती घालायचे
यावर दोघांनी अर्धा तास घालवला.
वेणी मी विणणार, हे कुणी बोललं नाही.
आमच्यात वेण्या बायकाच विणतात.

रंकाळ्यात पोहायला शिकलेला पोरगा.
संध्यामठावरून उडी टाकायचा
आणि इतका वेळ वर यायचा नाही
की काठावरचं धुणं थांबायचं.
मग भलतीकडेच डोकं काढून विचारायचा,
"किती आकडं झालं?"

नेव्हीत त्याला इंजिनावर घातलं.
"समुद्र दिसतो का रं?"
"कुठला, मामा. आमी जहाजाच्या पोटात.
पत्र्याच्या पलीकडनं ऐकू येतो नुसता."
दहा रुपये दिले, चार बाकी.
"जानेवारीत रजा हाय. तेल पाजून ठेवा."

डिसेंबरात सगळ्यांनी खिडक्यांना काळे कागद लावले.
आम्ही कातडं ठोकलं.
तालमीच्या रेडिओवर जहाजाचं नाव सांगितलं,
मला ते नाव कळलं नाही,
ऐकणाऱ्यांच्या माना तेवढ्या कळल्या.

तार इंग्रजीत होती.
पाध्ये मास्तरांनी मराठी करून सांगितलं:
बेपत्ता. मृत मानण्यात येत आहे.
"मानतंय कोण?" त्याच्या आईनं विचारलं.
मास्तरांनी तार उलटी करून पाहिली.
मानणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

पुढच्या अमावास्येला ती सुभाषनगरात आली.
आमच्या उंबऱ्याच्या आत
तोवर तिचं पाऊल पडलं नव्हतं.
पदराच्या गाठीतून चार रुपये काढले.
"पोरानं उधारी ठिवली, असं नको."
बाबा नको म्हणाले. ती उभीच राहिली.
शेवटी घेतले.
मी जोड कागदात बांधायला घेतला, तर म्हणाली,
"ऱ्हाऊ दे. आला की न्हेईल."

गिऱ्हाईक वारलं की बाबा वहीतलं पान दुमडायचे.
हे दुमडलं नाही.
पुढं बाबांचं पान मी दुमडलं,
वही माझ्याकडे आली, जोडही आला.
एकोणचाळीस तसंच.

महिपती. केवढ्या जमिनीचं नाव,
आणि फूल वाहायला
हातभर जागा नाही.

कातड्याचा वैरी पाणी,
हे आम्ही बोलायच्या आधी शिकतो.
दर डिसेंबरात मी जोडाला तेल पाजते.
आता हात थरथरतो, निम्मं तेल परातीत.
सून म्हणते, कुणाचा हा?
द्या की एखाद्या प्रदर्शनाला.
मी म्हणते, गिऱ्हाइकाचा आहे. पैसे आलेत.

तिला एक सांगितलेलं नाही.
माझ्या हळदीच्या रात्री
सगळी मांडवात होती, तेव्हा
मी तो पायात घातला.
चुलीपासून दारापर्यंत सहा पावलं.
टाचेमागं दोन बोटं जागा उरली.
विंचू वाजले, पहिल्यांदाच,
आणि बाहेरून चुलतीनं हाक मारली,
"कोण आलं गं?"

डाव्या चपलेवर, अंगठ्यापाशी
अजून थोडं पिवळं आहे.
इतकं तेल झालं, गेलं नाही.