मोठ्यानं वाचताना

साडेसातला पेपर पडतो,
आठला मी सुपडू तात्यांच्या ओट्यावर.
काचबिंदूनं डोळे नेले त्याला चार वर्षं झाली,
तेव्हापासून दिल्ली त्यांना माझ्या आवाजात ऐकू येते.
"आज काय म्हनस दिल्ली?" ते विचारतात,
जणू दिल्ली म्हणजे पैलाडला दिलेली चुलतबहीण,
सारखी आजारी.

एक्स्चेंजमध्ये माझी एकतीस वर्षं गेली.
सुरतेचे कापडभाव, नाशिकचे मयताचे निरोप,
रात्री अकराला कुणाचं तरी नुसतंच रडणं,
सगळं माझ्या कानांतून पुढे गेलं.
पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाई म्हणाल्या होत्या,
ऐकू आलं तरी ऐकलं नाही, असा चेहरा ठेवायचा.
तो इतका सांभाळला
की घरी आल्यावरही काढायचा राहून जायचा.

या वर्षी तो टिकत नाही.
सोमवारी पक्ष फुटला,
मंगळवारी फुटलेला पुन्हा फुटला,
परवा ज्याला चोर म्हटलं
त्याच्या गळ्यात आज हार, फोटो चार कॉलमी.
त्या दिवशी कळण्याच्या पिठात मीठ दोनदा पडलं.
मुलगा म्हणाला, आई, भाकरी खारट.
मी म्हटलं, पेपर वाचलास का?
तो म्हणाला, भाकरीचं बोल.

एप्रिलच्या शेवटाला पारा चव्वेचाळीस.
दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रं नाही
आणि प्रचाराची रिक्षा बंद दारांना सांगत फिरते
की तुमचं भविष्य तुमच्या हातात.
माझ्या हातात तेव्हा पंख्याची तुटलेली दोरी.

आखाजीला लेकी आल्या, निंबाला झोके लागले.
बोरीच्या कोरड्या पात्रात दोन्ही काठांच्या बाया
एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत उभ्या राहिल्या,
मग हसून हसून खाली बसल्या,
एकीनं दुसरीच्या पोराला कडेवर घेतलं.
घरी आले तर टीव्हीवर तेच,
फक्त कुणी खाली बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पान पाचवर ते भाषण.
ओट्यावर शब्बीर पिंजारी बसलेले,
तात्यांचे मिलमधले जोडीदार, शेजारच्या मागावरचे.
मी तीन ओळी वाचल्या.
मग डोळा आपोआप खाली सरकला,
रावेरचे केळीभाव, हवामान, सोनं.
आवाज तोच ठेवला. एकतीस वर्षांची सवय.
"काहीतरी गाळं तू," तात्या म्हणाले.
"मी आंधळा शे, बहिरा नही."
मी पान उलटलं.
शब्बीरभाई जाताना पायरीवर थांबले.
ताई, मी सकाळी सहालाच वाचलं, चहाच्या टपरीवर.
तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.
बरं केलं.

बरं केलं की नाही
हे मला अजून ठरवता येत नाही.

मतदानाला तात्यांची सोबती म्हणून मी गेले.
कागदावर सही केली, गुप्तता पाळीन.
डाव्या बोटाला माझ्या मताची शाई आधीच होती,
उजव्याला आता त्यांच्या सोबतीची.
पुठ्ठ्याच्या आडोशाला त्यांनी माझ्या कानात चिन्ह सांगितलं.
हळू, नीट, जसा पूर्वी कुणी नंबर सांगायचा.
मी जोडून दिला.
एवढंच.
कुठला, ते विचारू नका.

"तुना हात कापना," रिक्षात तात्या म्हणाले.
ऊन किती आहे, मी म्हटलं.
ते गप्प.
मिलच्या बंद फाटकाशी रिक्षा वळली
तेव्हा त्यांनी मान वर केली.
तीनची पाळी सुटायची वेळ होती,
आणि भोंगा
ते अजून ऐकतात.