उष्टा श्वास

पी, शून्य, चार, शून्य, एक.
फोर्तुनातो क्विस्बेर्त हे आकडे असे म्हणतो
जशी खटल्याची पुढची तारीख.
तिसऱ्यांदा आलाय. तोच पिवळा दिवा.
आधीच्या मिस्त्रीनं दोनदा कोड पुसला,
म्हणजे तक्रारदाराला हाकललं, तक्रार तशीच.
मग नवा व्हॉल्व्ह, साडेचारशे बोलिव्हियानो.
दिवा चार दिवस गप्प बसला
आणि सेहाच्या चढावर पुन्हा उजाडला.
चढावर इंजिन खडखडतं, म्हणतो,
डब्यात खडे घालून हलवावेत तसं.

मी त्याला आधी आपी पाजते. जांभळं, गरम, मक्याचं.
एल आल्तोत, चार हजार मीटरवर, हवेतच हवा कमी.
घाई करणाऱ्याला धाप लागते
आणि धापेत माणूस नुसते पार्ट बदलत सुटतो.

मशीन सांगतं : प्रवाह अपुरा.
कशाचा, ते सांगतं.
कुठं अडला, ते बोटांनी शोधायचं.

सातुर्नीनो, बहिणीचा पोरगा, सोळाचा, विचारतो :
मावशी, बाहेर टाकलेला धूर
परत आत कशाला घ्यायचा?
मी म्हणते, आगीची भूक वाईट.
नुसती ताजी हवा वाढली
तर ती स्वतःचंच भांडं जाळते.
म्हणून तिच्या घासात थोडा उष्टा श्वास कालवायचा,
एकदा जळून आलेला,
ज्यात जळण्यासारखं आता काही उरलं नाही.
त्यानं ती निवते.
त्याला पटत नाही.
मलाही चाळिशीपर्यंत पटलं नव्हतं.

बॉनेटखाली रंगीत कागदाचे कपटे अजून चिकटलेले,
कार्निव्हलात बिअर शिंपडून
गाडीचं भलं मागितलं होतं, त्या दिवसाचे.
नव्या व्हॉल्व्हवर एकही नाही.

रबरी नळीला हातपंप लावला. दाबला.
काटा चढला, टिकला. पडदा फाटलेला नाही.
आतली दांडी उचलली गेली, बोटाला कळलं.
दार उघडलं, म्हणजे
आता इंजिन गुदमरलं पाहिजे.
उभ्या गाडीत एवढा उष्टा श्वास शिरला
तर धडधाकट इंजिन थरथरतं, बंद पडतं.
हे गुरगुरत राहिलं. खुशाल.
फोर्तुनातो हसला, बंद नाही पडली म्हणून.
त्याला समजावणं जड गेलं :
बाबा रे, हेच दुखणं.

दारामागे भिंत होती.
व्हॉल्व्ह उतरवला, पलीकडची वाट
पेन्सिलचं टोक जाईल एवढीच उरलेली.
सायकलच्या चाकाची तार वाकवून खरवडत बसले,
तव्याच्या बुडासारखा थर, वर ओलसर, आत दगड.
सार्डिनचा डबा अर्धा भरला.
बटाट्याची पोती, शाळेची पोरं, पहाटेच्या बायका,
सगळ्यांना वर चढवून आणल्याचा हिशेब.
फोर्तुनातो डब्यात बघत राहिला.
यातला निम्मा एलिसेओचा असेल, म्हणाला.
गाडी आधी त्याची. भाऊ आता इकिकेच्या बंदरावर,
फोन करत नाही.
त्यानं बोट बुडवलं आणि पँटला पुसलं.

जुना व्हॉल्व्ह सीटखाली होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
मी तपासला. निर्दोष.
हे त्याला सांगावं की नाही, ठरेना.
सांगितलं.
तो बराच वेळ आधीच्या मिस्त्रीच्या आईबद्दल बोलला.

मग पुन्हा पंप.
इंजिन एकदा शहारलं, अडखळलं, ठप्प.
पत्र्यावरचा वारा ऐकू यायला लागला.
सातुर्नीनोनं माझ्याकडे पाहिलं,
मी त्याला मान हलवून सांगितलं, हो, असंच.

कोड मी सगळ्यात शेवटी पुसला.
दिवा परत लागला तर ये, म्हटलं.
फुकट नाही. पण ये.