दुवा

टोर्सहावनला, बंदरामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
रान्वा नकाशा आवरायला बसली आहे.
बेटं अठरा, फाइल एक,
आणि फाइलमध्ये एकोणीस वर्षांचा पसारा:
दीपगृह, दीपगृह-नवं, दीपगृह-हेच-घ्या,
गवती छपराचं चर्च तीनदा,
आणि नुसतंच ‘शीर्षक नाही ४१’,
जे उघडल्यावर अर्धी होडी निघते.

ती एकेक उचलते, पुसते, नाव देते,
चिन्हांच्या पेटीत ठेवते.
पेटीत गेलं की ते एकदाच असतं;
नकाशावर उरतात त्याच्या सावल्या.
आतल्या दीपगृहाला लाल पट्टा दिला
की कड्याकड्यावर पट्टे उमटतात,
कुणी शिडी लावत नाही, रंग सांडत नाही.
दोनशे एमबीची फाइल अकरावर येते.
दुपारी रान्वा उभं राहूनच सूप पिते.

मग मेंढ्या. चारशे बारा.
हानुसच्या.
काढली त्याने एकच, बाकीच्या पेरल्या.
पाय तीन. ‘चौथा मागे आहे,’ म्हणायचा.
मार्चपासून त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे,
तिच्यावर आता प्रिंटरचे कागद असतात.

रान्वा मूळ मेंढीची मान जराशी खाली करते.
बेटाबेटांवर एका क्षणात
चारशे अकरा मेंढ्या गवताला तोंड लावतात.

चारशे अकरा.

कुनोयच्या पश्चिम उतारावर
एक मान वर करून उभीच.
सहाशे टक्के. बाराशे. चोवीसशे.
या रेषांचं एक बरं असतं,
कितीही जवळ जा, त्या फाटत नाहीत.
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याचं टोक छाटलेलं.
खूण कुणाच्या कळपाची, विचारावं लागत नाही:
हानुसच्या मगावर हीच होती,
बहिणीच्या नेलपॉलिशने काढलेली.
मगात आता पेनं असतात.

म्हणजे एका संध्याकाळी, कुणाला न सांगता,
त्याने ते बटण दाबलं होतं: दुवा तोडा.
(माझ्या भाषेत दुवा म्हणजे आशीर्वादही.
रान्वाला हे ठाऊक असायचं काही कारण नाही.)

‘ही सुटी राहिली,’ सिल्या मागून म्हणते,
तिला लागून दोनच महिने झालेत.
‘बदलू का पेटीतल्या मेंढीने?’
भिंतीवरचा नियम रान्वानेच लिहिलेला:
पेटीबाहेर काही ठेवू नये.

रान्वा नवा थर उघडते,
मेंढी त्यावर नेते, कुलूप लावते.
थराचं नाव विचारणारी चौकट येते,
ती तशीच बंद करते.

छापल्यावर मेंढी तांदळाच्या कणीएवढी होईल.
खाचा शाईत बुजतील.
पायवाटेने जाणारा तिला मेंढीच समजेल,
आणि ते बरोबरच आहे.

जतन करते.
अकरा एमबी, आणि वर थोडंसं काही.