दोन कुलुपं

तिसऱ्या गोदामाच्या दाराला दोन कोयंडे आहेत.
एकात कुलूप. दुसऱ्यात नुसता गंज.

पाहुण्यांना मी तांब्याच्या भट्ट्या दाखवते,
मोड आलेलं जव, पीटचा धूर,
सांगते की पहिली धार इथं कुणी ठेवत नाही,
शेवटचीही नाही,
मधली तेवढी पिंपात जाते.
ते वास घेतात. म्हणतात, मीठ. म्हणतात, आयोडीन.
कोयंड्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

बापाच्या वेळी दोन्हींत कुलपं असायची.
एक भट्टीचं, त्याची किल्ली बापाकडे, फारकर मॅकफेलकडे.
एक सरकारचं, त्याची अबकारीच्या मिस्टर ट्वीडींकडे.
एकट्यानं दार उघडायचं नाही, असा कायदा.
आत नऊशे पिंपं, कर न भरलेली,
आणि समुद्र भिंतीपलीकडे, तोही न भरलेला.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात ट्वीडींनी माझ्या काकाला पकडलं.
कोलकाकाच्या विजारीत दोरीला तांब्याची नळी,
खालचं तोंड पेनीचं नाणं डाखून बंद केलेलं.
तिला इथं कुत्रा म्हणतात,
धन्याचा पाय सोडत नाही म्हणून.
पाऊण बाटली मावायची तिच्यात.
काकाची नोकरी गेली. ग्लासगोच्या गोदीत गेला,
तिथून परत आला तो पेटीतून.

बापानं अबोला धरला.
पण सकाळी आठला दाराशी दोघंही हवेतच.
तो उजवीकडे, ते डावीकडे,
एक खटका, दुसरा खटका.
आत बोलायचं ते खडूनं, पिंपाच्या तोंडावर:
"१२७ गळतंय."
खाली, सुवाच्य सरकारी अक्षरात: "पाहिलं."
अकरा वर्षं.
आत दारू मुरत होती, बाहेर अबोला.

मग एका फेब्रुवारीत मिसेस ट्वीडी गेल्या.
वाऱ्यानं बोट बंद, बदली अधिकारी पलीकडे अडकलेला.
आठला ट्वीडी आले. दाढी अर्धीच केलेली.
किल्ली कुलपाला लागेना,
लोखंडावर नुसती वाजत राहिली.
बापानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली,
दोन्ही कुलपं स्वतः उघडली
(गुन्हा होता तो, तुरुंगाचा)
आणि सरकारची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात टाकून
वरचं बटण लावलं.
मी डबा घेऊन आले होते. मला घरी जा म्हणाला.

त्यानंतर अबोला सुटला असं काही नाही.
१२७च्या तोंडावर मात्र एकदा
बापाच्या वेड्यावाकड्या अक्षरात दिसलं: "जेवलात का?"
खाली काहीच नव्हतं.
खडू पुसल्याची एक रेघ, बस.

त्र्याऐंशीत सरकारनं आपलं कुलूप काढून नेलं.
ट्वीडी बोटीवर चढले, टोपी हातात धरून.
धक्क्यावर बाप नव्हता.
भट्टीच्या मागच्या चढावर होता, कुंपण दुरुस्त करत,
जिथून बोट शेवटपर्यंत दिसते.

१२७ अजून आत आहे.
निम्म्याहून जास्त उडून गेलं.
पुस्तिकेत लिहिलंय, तो देवदूतांचा वाटा.
बाप म्हणतो, कसले देवदूत, भिंती पितात,
बघ किती काळ्या पडल्यात.

आता तो ब्याण्णवचा आहे.
कधीमधी हट्ट करतो, तेव्हा मी त्याला इथं आणते
आणि किल्ली त्याच्या हातात देते.
तो फिरवतो. खटका होतो.
दार उघडंच असतं तेव्हा, ढकललं की झालं.
तो ढकलत नाही.
काठी टेकत अर्धं पाऊल उजवीकडे सरतो
आणि थांबतो,
डावीकडे जागा करून.