डाव्या बाजूचं झाकण

तिसऱ्या गेटाच्या अलीकडे, रुळाशेजारच्या खडीवर
गाडी आडवी झाली. मला काही नाही,
कोपर खरचटलं. गाडी उचलली
तर खाली तेलाचा काळा डाग,
आणि तो हळूहळू मोठा होतोय.

भैरू पावशेनं झाकण उतरवून हातात घेतलं.
रॉकेलनं पुसलं, वर खडूची भुकटी चोळली,
म्हणाला, थांब जरा.
भेग आपणहून वर आली, ओल्या रेघेसारखी,
गिअरच्या भोकापासून खालच्या बोल्टापर्यंत.
पोऱ्या म्हणाला, मलप्रभा दिसतेय.
भैरू म्हणाला, हट्, मार्कंडेय. मलप्रभा एवढी वळत नाही.
त्यावर दोघांचं दहा मिनिटं चाललं.
मी बाकड्यावर बसून हिशेब मांडला:

नवं अठराशे. कोल्हापूरहून, एसटीच्या पार्सलानं,
आलं तर गुरुवारी.
दादापीरच्या भंगारात जुनं मिळेल, सहाशे,
पण ते कुठल्या अपघातातून सुटून आलंय
हे दादापीरलाही ठाऊक नाही.
वेल्डिंग अडीचशे.
"टिकलं तर," भैरू म्हणाला,
आणि पुढचं वाक्य चहात बुडवलं.

घरी शर्वरी म्हणाली, बाबा, गाडीच बदला.
तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग भाजीकडे.

बत्तीस वर्षं उद्यमबागेत लाकडी पॅटर्न केले मी.
धातू निवताना आक्रसतो,
म्हणून पॅटर्न केसभर मोठा ठेवायचा, हिशेबानं.
माझ्या रंध्याखालून गेलेल्या लाकडावरून
किती झाकणं, किती पंपांची पोटं ओतली गेली असतील.
फुटलेलं कुणी आणून दाखवलं नाही.
फुटलेलं थेट भट्टीत जायचं,
आणि मी पुढचं लाकूड घ्यायचो.

सकाळी मल्लेशीकडे.
त्यानं झाकण काचेवर पालथं ठेवलं,
कडेखालून नख सरकतंय का पाहिलं.
"आगतैति, बिडरी."
मग माझ्या कपाळाच्या आठ्या बघून, मराठीत:
"होतंय की ओ. पण ह्यानं तेल पिऊन ठेवलंय."
गॅसवर तापवलं. अॅल्युमिनियममधून
वर्षांवर्षांचं तेल घामासारखं सुटलं,
तो पुसत राहिला, ते येत राहिलं.

आतली बाजू लख्ख झाली तेव्हा त्यानं हाक मारली.
भेगेच्या अंगानं, बोटभर लांबीचा,
एक जुना टाका.
खवल्यावर खवला, एकसारखा,
कुणीतरी श्वास धरून घातलेला.

गाडी चिकोडीच्या एका मास्तरांकडून घेतली होती, शहाण्णव साली.
मास्तर काही बोलले नव्हते.
म्हणजे खानापूर, चोर्ल्याचा घाट,
शर्वरीच्या वेळी रात्री दोनला नर्सबाईंना आणायला गेलो ते,
सगळं एका सांधलेल्या झाकणावर.

"कोणाचा हात असेल?"
मल्लेशीनं चष्मा कपाळावर चढवला.
"आमचा न्हवं. बरा हाय पण."
मग टाक्यावर बोट ठेवून:
"हे तसंच हाय बघा. शेजारचं फुटलंय."

आणि भेगेच्या दोन्ही टोकांना
त्यानं सुईएवढ्या ड्रिलनं भोक पाडलं,
पुढं जाऊ नये म्हणून.
भेग थांबवायला भोक.
भट्टीवर कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.
तो म्हणाला, इकडं बघू नका आता, डोळे जातील.
मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.
भिंतीवर निळा उजेड आणि माझी सावली,
दोघंही थरथरत.

अडीचशे दिले.
कोल्हापूरचंही सांगून ठेवलंय, भैरूला ते माहीत नाही.

रात्री इंजिनाखाली खोक्याचा पुठ्ठा सारला.
सकाळी बघतो तर मोहरीएवढा एक थेंब.
कुठंतरी अडकलेलं जुनं तेल असेल.
किंवा नवं.
थेंबाभोवती पेन्सिलीनं गोल काढला,
बाजूला तारीख घातली,
आणि किक मारली.