त्रेसष्ट बाइट

डुलुथ, नोव्हेंबर. खिडकीबाहेर पूल वर जातो
एका टगबोटीसाठी,
दोन्हीकडच्या गाड्या इंजिनं बंद करून उभ्या.
चौथ्या मजल्यावर मी नावांची किंमत मोजते आहे.

आमच्या डेटाबेसात प्रत्येक नावाला सारखीच खोली:
चौसष्ट बाइटची, त्यातला शेवटचा कडीकुलपाला.
'आयडी' नावाचा किरकोळ रकानासुद्धा
एकटाच राहतो तिच्यात, उरलेल्या जागेत शून्यं मांडून.
मागणी आली: खोली दुप्पट करा.
एक आकडा तर बदलायचा!

बदलला. रात्रभर यंत्र पळवलं.
साध्या कामात फरक शोधूनही सापडला नाही.
पण लाखभर टेबलं बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे
यादी फुगली, कॅशेत मावेना,
तीच पानं पुन्हा पुन्हा डिस्कवरून ओढत
सगळं तीन टक्के संथ.

"कुणाचे तीन टक्के?" लॉर्ना हॉगेन विचारते,
सँडविचच्या कागदाची घडी घालत.
तिच्या रकान्यांची नावं पाच-सहा अक्षरांची,
स्वरसुद्धा ती गाळते.

मी तिला चिपळूणच्या इस्पितळाची तक्रार दाखवते.
देवनागरीत अक्षराला तीन बाइट.
कान्याला तीन, वेलांटीला तीन,
अक्षराचा पाय मोडायचा तर मोडण्याचेही तीन.
त्यांनी लिहिलं होतं
रुग्णाने_संमती_दिलेली_नाही
आणि आम्ही, कुणी वाचत नाही अशी एक बारीक सूचना देऊन,
ठेवलं
रुग्णाने_संमती_दिलेली_न

आमच्याकडे नकार शेवटी येतो, मी सांगते,
वाक्य पुरं ऐकावं लागतं.
"मग आधी लिहायला सांग त्यांना."
ती वाईट बोलत नव्हती. ती साडेचारची बस बघत होती.

बैठकीत ठरलं, आकडा तोच राहील,
ज्याला लांब नावं हवीत त्यानं स्वतः बांधून घ्यावं.
हात मीही वर केला.
तीन टक्के खरे होते, मीच मोजलेले.

चिपळूणला उत्तर लिहायला बसले.
'नकार नावाच्या सुरुवातीला घ्यावा, ही विनंती.'
खोडलं. दुसरं सुचेना, तेच पुन्हा लिहिलं.
खाली खनिजाच्या जहाजानं भोंगा दिला,
पुलानं तो होता तितकाच लांब परत केला.
स्क्रीनवर तो न, काना नसलेला.
नऊ बाइट
कमी पडले होते.